ऐकायला सगळे, जपायला कोण?

‘कट्यार काळजात घुसली’ हे नाव गाण्यांच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये टाकून पाहावे. बहुतेक वेळा आधी २०१५च्या चित्रपटातली गाणी समोर येतात. थोडे खाली सरकले की वसंतराव देशपांडे भेटतात. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले आणि जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेले हे नाटक १९६७च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले आणि त्यातले खाँसाहेब वसंतरावांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. चित्रपटातल्या खाँसाहेबांना आवाज दिला तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. ‘घेई छंद’ आधी आजोबांकडून आणि लगेच नातवाकडून ऐकावे. कुठली जागा नातवाने जशीच्या तशी उचलली, कुठे स्वतःची वाट काढली, कुठे मुद्दाम थांबला, हे ताडून पाहावे. हा आनंद आता बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही मिळतो. पूर्वी असे दोन आवाज शेजारी ठेवून ऐकायचे, तर रेकॉर्ड असलेला स्नेही गाठावा लागे, नाहीतर रेडिओवर ते पद लागेल त्या दिवसाची वाट पाहावी लागे.

त्याच पडद्यावर मग पुढचे प्रश्न विचारून पाहावेत. तबल्यावर कोण होते? ऑर्गनची साथ कोणाची? हे ध्वनिमुद्रण कुठल्या सालचे? उत्तर बऱ्याचदा मिळत नाही. रेकॉर्डच्या पाकिटावर जी नावे छापलेली असत, ती फोनपर्यंत येताना गळून पडलेली असतात.

गेल्या दहा वर्षांत मराठी श्रोत्याच्या हाती गाण्यांचे जेवढे भांडार आले, तेवढे आधीच्या कुठल्याच पिढीला मिळाले नव्हते. त्याच दहा वर्षांत गाणे कोणाचे, त्याचे पैसे कोणाला जातात आणि उद्या ते जागेवर असेल का, हे मात्र त्याच्या नजरेआड गेले. म्हणून या सोयीचा आनंद घेताना ती चालते कशी, हेही समजून घ्यायला हवे.

स्ट्रीमिंगमध्ये गाणे आपल्याकडे राहायला येत नाही. दूरच्या सर्व्हरवरून ते लहान लहान तुकड्यांनी येते आणि येता येताच वाजते. सेकंदाला १६० किलोबिट या दर्जाने तासभर ऐकले तर सुमारे ७२ एमबी डेटा लागतो, ३२० किलोबिटने ऐकले तर दुप्पट. सीडीचा दर सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. म्हणजे फोनवर येणारे गाणे बरेच दाबून लहान केलेले असते. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग गाळून हे साधले जाते, आणि बहुतेकांना फरक कळतही नाही. अलीकडे काही सेवा सीडीच्या तोडीचा दर्जा देऊ लागल्या आहेत. अ‍ॅपल म्युझिकने तो २०२१ मध्ये जादा पैसे न घेता दिला. पण असे गाणे ब्लूटूथच्या इअरफोनवर ऐकले, तर वाटेत ते पुन्हा दाबले जाते आणि कमावलेले बरेचसे हरवते. अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले गाणेही खऱ्या अर्थाने आपले होत नाही. वर्गणी संपली की फाइल फोनमध्ये असूनही वाजत नाही.

या सगळ्याची सुरुवात चोरीच्या धास्तीतून झाली. १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर आले आणि लोक एकमेकांच्या संगणकावरून फुकट गाणी घेऊ लागले. कंपन्यांनी कोर्टात जाऊन २००१ मध्ये ते बंद पाडले, पण सवय मोडली नाही. २००६ मध्ये स्टॉकहोममध्ये डॅनियल एक आणि मार्टिन लोरेंट्झन यांनी स्पॉटिफाय ही कंपनी काढली आणि २००८च्या ऑक्टोबरमध्ये सेवा सुरू केली. चोरीपेक्षा सोपे आणि कायदेशीर काहीतरी दिले तर लोक चोरी सोडतील, हा त्यांचा हिशेब होता. तो बराचसा खरा ठरला. आज जगभरात ध्वनिमुद्रित संगीतातून मिळणाऱ्या पैशांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्ट्रीमिंगमधून येतात.

भारतात ‘सावन’ ही स्ट्रीमिंग सेवा २००७ मध्ये आणि ‘गाना’ २०१० मध्ये आली. तरी खेड्यापाड्यांत स्ट्रीमिंग पोहोचले ते २०१६च्या सप्टेंबरनंतर, जिओमुळे डेटा स्वस्त झाला तेव्हा. २०१९च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय आणि मार्चमध्ये यूट्यूब म्युझिक भारतात दाखल झाले. स्पॉटिफायची वर्गणी तेव्हा महिन्याला ११९ रुपये होती. दूरच्या तालुक्यातल्या ज्या कॉलेजकुमाराला कुमार गंधर्वांची एक कॅसेट मिळवायला पुण्याची फेरी मारावी लागली असती, त्याच्यासमोर या रकमेत कुमारांच्या मैफलींची रांग उभी राहिली. निर्गुणी भजने, माळव्याची लोकगीते, बालगंधर्वांच्या गायकीवरचे त्यांचे चिंतन, सगळे एका नावाखाली.

हा आनंद खऱ्या अर्थाने कळतो तो घराण्याचा माग काढताना. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेली, हे अनेकांनी वाचलेले असते, पण केसरबाई ऐकलेल्या नसतात. आता त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या ऐकाव्यात, मग मोगूबाई कुर्डीकर, मग त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर, मग मल्लिकार्जुन मन्सूर. एका संध्याकाळी जयपूर घराण्याचा प्रवास कानांवरून जातो. तालाच्या आवर्तनाशी स्वर कसा गुंतवायचा याचा एकच विचार चार गळ्यांत चार रूपे घेतो, ते ऐकू येते. पुस्तक वाचून हे समजत नाही. एकेकाळी ज्यांच्या घरी रेकॉर्डचा संग्रह होता अशा मोजक्या कुटुंबांनाच असे ऐकणे शक्य होते. ती मक्तेदारी मोडली, ही फार चांगली गोष्ट झाली.

मक्तेदारी मोडण्याची ही पहिली वेळ नाही. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटने हेच केले होते. तोवर भारतात रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही असेच समीकरण होते आणि कोणाचे गाणे मुद्रित व्हावे हे ती एक कंपनी ठरवत असे. कॅसेट कोणालाही काढता येऊ लागली. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या या उलथापालथीची नोंद केली. महाराष्ट्रात या लाटेवर प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघरी गेला, आनंद शिंदे यांनी विक्रीचे डोंगर उभे केले, आणि शहरी मैफलींत कधी न गायली गेलेली भीमगीते छोट्या कंपन्यांच्या कॅसेटवरून वस्त्यावस्त्यांत पोहोचली.

आज त्या वाटेने यूट्यूब चालले आहे. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या औरंगाबादच्या कडूबाई खरात यांना कुठल्या कंपनीने शोधले नाही. कोणीतरी फोनवर टिपलेल्या चित्रफिती हातोहात फिरल्या आणि त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये मराठीची हद्द ओलांडून गेले. मराठी न कळणारेही त्यावर नाचले. चित्रपटाचा आधार नसलेले मराठी गाणे एवढ्या दूर जाणे ही साधी घटना नाही. मुंबईतल्या एखाद्या कार्यालयात बसलेल्या माणसाची पसंती मिळवल्याशिवाय गाणे लोकांपर्यंत जाऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

आता पैशांकडे वळू. गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहेत. पुष्कळांना वाटते की आपण महिन्याची वर्गणी भरली की ज्यांना ऐकले त्यांना ती वाटून जाते. बहुतेक मोठ्या सेवांमध्ये तसे होत नाही. सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एकाच पेटीत पडतात. कंपनी आपला वाटा, ढोबळमानाने एक तृतीयांश, बाजूला काढते. उरलेली रक्कम एकूण किती वेळा गाणी वाजली त्या प्रमाणात हक्कधारकांमध्ये वाटली जाते. समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. वाटायची रक्कम एक लाख रुपये आहे आणि महिन्याभरात सगळ्यांनी मिळून दहा लाख वेळा गाणी ऐकली. म्हणजे एका वेळेला दहा पैसे. एका श्रोत्याने शंभरावर रुपये भरले आणि महिनाभर फक्त वीस ख्याल ऐकले, तर त्याच्या ऐकण्यामुळे ख्यालगायकांकडे दोन रुपये जातील. उरलेले पैसे त्याने कधीही न ऐकलेल्या, पण इतरांनी दिवसभर लावून ठेवलेल्या गाण्यांकडे जातील.

यात शास्त्रीय संगीताची आणखी एक अडचण आहे. गाणे ३० सेकंद वाजले की ते ‘एकदा ऐकले’ असे धरले जाते. अडीच मिनिटांचे गाणे हे एक, आणि चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल हाही एकच. तासाभरात छोटी गाणी चोवीस वेळा मोजली जातात आणि ख्याल दीड वेळा. ज्या संगीताचा सगळा जीव संथपणे उलगडण्यात आहे, त्याला ही मोजणी सरळ तोट्यात घालते. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की गेल्या बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळणार नाही. कंपनीचे म्हणणे असे की अशी रक्कम इतकी किरकोळ असते की ती कलावंतापर्यंत पोहोचतच नाही. हा युक्तिवाद हिशेबापुरता खरा असेल. पण एखाद्या तरुण गायिकेने चार वर्षे बसवलेला अनवट राग वर्षभरात नऊशे लोकांनी मन लावून ऐकला, तर त्या नऊशे जणांची किंमत शून्य धरली जाते, हेही तितकेच खरे. ल्युमिनेट या गाण्यांची मोजदाद करणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या अहवालानुसार स्ट्रीमिंगवरची सुमारे साडेचार कोटी गाणी त्या वर्षात एकदाही वाजली नव्हती. भांडारात असणे आणि ऐकले जाणे यांत एवढे अंतर आहे.

दुसरा मार्ग नाही असे नाही. २०२१ मध्ये साउंडक्लाउडने लहान कलावंतांसाठी वेगळी पद्धत सुरू केली. तिच्यात प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने स्वतः ऐकलेल्या कलावंतांमध्येच वाटले जातात. मराठीसारख्या भाषेला, आणि मराठीतही नाट्यगीत, अभंग, ख्याल अशा निष्ठावान पण मर्यादित श्रोत्यांच्या प्रकारांना, हीच पद्धत न्याय देणारी आहे. मोठ्या सेवांनी ती स्वीकारावी यासाठी श्रोत्यांनी आवाज उठवायला हवा.

तंत्र संगीताला वळण लावते, हे १९०२ पासून दिसत आले आहे. त्या वर्षी कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानचे गाणे मुद्रित केले तेव्हा तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटे वाजत असे. तासभर गाणाऱ्या कलावंतांना त्या तीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना सगळे बसवावे लागले. मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना या बंधनातून केवढी कारागिरी जन्मली ते कळते. आजचे बंधन वेगळे आहे. श्रोत्याचा अंगठा ‘पुढचे’ या बटणावर टेकलेला असतो. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एका संशोधकाने २०१७ मध्ये दाखवून दिले की तिथल्या लोकप्रिय गाण्यांत गायन सुरू होण्याआधीचे वादन ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सरासरी वीस सेकंदांहून अधिक असे, ते २०१५ पर्यंत पाचेक सेकंदांवर आले. श्रीनिवास खळ्यांच्या किंवा हृदयनाथ मंगेशकरांच्या गाण्यातले सुरुवातीचे वाद्यसंगीत आठवून पाहावे. गाणे कुठल्या प्रदेशात नेणार आहे, ते त्या तुकड्यातच ठरलेले असते. आजच्या संगीतकाराला असा तुकडा ठेवायला धाडस लागते.

शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्याला अ‍ॅपची रचनाही नडते. ती गाण्यांसाठी घडवलेली आहे, मैफलीसाठी नाही. किशोरीताईंचा भूप घ्या. आधी विलंबित, मग ‘सहेला रे’. पहिल्याने जमिनीची मशागत केलेली असते म्हणून दुसरे उमलते. अ‍ॅपला ही दोन सुटी गाणी दिसतात. ‘शफल’ चालू असेल तर द्रुत आधी आणि विलंबित तासाभराने, मध्ये तिसरेच काही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये स्पॉटिफायने भारतातल्या मोफत श्रोत्यांना हव्या त्या क्रमाने गाणी लावण्याची आणि गाण्यात मागेपुढे जाण्याची मुभा काढून घेतली होती. मोफत ऐकणाऱ्याला जाहिरातही सोसावी लागते, आणि विलंबित संपून द्रुताची वाट पाहणाऱ्या कानावर बँकेची जाहिरात आदळते तेव्हा राग संपतो. परवडत असेल त्याने वर्गणी भरावी. निदान एवढ्यासाठी तरी ती वसूल होते.

आता पुन्हा नावांकडे यावे लागेल. मुळातला घोटाळा तिथे आहे. या अ‍ॅपच्या नोंदवहीत ‘कलाकार’ हा मुख्य रकाना असतो आणि तो पाश्चात्य पॉप गाण्यासाठी केलेला आहे, जिथे गायक आणि गाण्याचा कर्ता बहुधा एकच. मराठी भावगीतात तीन माणसे असतात, कवी, संगीतकार आणि गायक, आणि मराठी रसिक या तिघांची नावे एका दमात घेतो. रकाना एकच असला की कधी तिघांची नावे एका ओळीत कोंबली जातात, कधी दोघे वगळले जातात. नावे रोमन लिपीत, प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने लिहिलेली. तिथे ‘ळ’ आणि ‘ल’ एकच, ‘अ’ आणि ‘आ’ एकच, त्यामुळे एकाच संगीतकाराची गाणी तीन-चार नावांखाली विखुरतात. ‘आनंदघन’ या नावाने मराठी चित्रपटांना संगीत देणाऱ्या लता मंगेशकरच होत्या, हे ज्याला आधीच ठाऊक आहे तोच त्या गाण्यांपर्यंत पोहोचतो. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने गीत, संगीत, स्वर, राग, चित्रपट किंवा नाटक अशा नोंदी मराठीत आणि निगुतीने केल्या आहेत. जे काम हौशी रसिकांना प्रेमापोटी जमते, ते अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांना जमत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

नावाचा संबंध केवळ आदराशी नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांना त्यांच्या कामाच्या पुढच्या वापरातही मानधनाचा वाटा मिळण्याचा हक्क मिळाला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर किल्ला लढवला होता. पण नोंदीत कवीचे नावच नसेल किंवा चुकीचे असेल, तर पैसे त्याच्या घरापर्यंत पोहोचायचे कसे?

नाव नीट नसले की इतिहासही वाकडा होतो. ‘गीत रामायण’ हे याचे ठळक उदाहरण. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला कवी गदिमा आणि संगीतकार सुधीर फडके यांचे एक गीत असे करत ५६ गीतांनी पूर्ण झाले. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे वेगवेगळे गायक होते, पात्रानुसार निवडलेले. नंतर रेकॉर्ड निघाल्या त्या सगळी गीते स्वतः फडक्यांनी गायलेल्या, आणि आज ‘गीत रामायण’ शोधले की समोर येतात त्या याच. फडक्यांचे गायन अप्रतिमच आहे. पण १९५५ मध्ये महाराष्ट्राने रेडिओला कान लावून जे ऐकले ते हे नव्हते, एवढी एक ओळ तिथे असती तर नव्या श्रोत्याला मूळ शोधण्याची ओढ लागली असती.

आणि जे आहे ते राहील याची शाश्वती नाही. स्पॉटिफाय भारतात आले त्याच वर्षी सारेगामाने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि आपली सगळी गाणी तिथून उतरवायला लावली. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. जुनी भावगीते, नाट्यपदे, चित्रगीते यांचा फार मोठा साठा तिच्याकडे आहे. २०२०च्या जूनमध्ये करार होईपर्यंत, म्हणजे वर्षभराहून अधिक काळ, हा साठा तिथे नव्हता. २०२३च्या मार्चमध्ये झी म्युझिकचा करार संपला आणि त्या कंपनीची गाणी काही काळ गायब झाली. श्रोत्यांनी जमवलेल्या याद्यांत नावे तेवढी राखाडी रंगात उरली.

असे का होते, याचे एक कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९च्या निकालात सापडते. रेडिओला ठरलेल्या दराने पैसे भरून कोणतेही गाणे वाजवण्याची सवलत कायद्याच्या कलम ३१ड मध्ये आहे. विंक या अ‍ॅपने ती आपल्यालाही लागू असल्याचे सांगितले. टिप्स या संगीत कंपनीने आव्हान दिले आणि न्यायालयाने निकाल दिला की इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला ही सवलत लागू नाही. म्हणजे प्रत्येक कंपनीशी वेगळा करार हवा, आणि करार फिसकटला की गाणी गेली. हक्कधारकाला आपला भाव ठरवू देणारा हा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही, पण श्रोत्याचे भांडार त्यामुळे करारांच्या तारखांवर टांगलेले राहते. विंकनेच २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. त्याच वर्षी जानेवारीअखेर रेसो ही सेवा भारतातून गेली. लोकांनी वर्षानुवर्षे निवडून लावलेल्या याद्या या सेवांबरोबर गेल्या.

‘तुम्हाला आवडेल असे’ म्हणून जे सुचवले जाते, त्याच्याबद्दलही थोडे सांगायला हवे. स्पॉटिफायने २०१५च्या जुलैत दर सोमवारी तीस गाण्यांची खास यादी द्यायला सुरुवात केली आणि ती कमालीची लोकप्रिय झाली. ज्यांनी तुमच्यासारखी गाणी ऐकली त्यांनी आणखी काय ऐकले, हे त्यामागचे मुख्य सूत्र. इंग्रजी-हिंदी गाण्यांत ते छान चालते, कारण कोट्यवधी लोकांच्या सवयी हाताशी असतात. माणिक वर्मांची नाट्यपदे ऐकणारे तुलनेने थोडे, आणि त्यांतले बरेच जण जुनी हिंदी गाणीही ऐकणारे. त्यामुळे पाच-सहा गाण्यांनंतर यंत्र हिंदीकडे वळते. ज्योत्स्ना भोळे किंवा हिराबाई बडोदेकर यांच्याकडे वळायला एखादा जाणता माणूस लागतो. म्हणूनच जुन्या पद्धतीचे निवेदन अजून टिकून आहे. आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीतवाहिनी २०१६ पासून इंटरनेटवर मोफत ऐकता येते, आणि तिथे राग, गायक, साथीदार सांगितले जातात. सारेगामाने २०१७ मध्ये, डेटा पाण्यासारखा मिळत असताना, पाच हजार गाणी भरलेला ‘कारवाँ’ हा रेडिओसारखा संच काढला आणि पुढे मराठी गाण्यांचाही काढला. तो लोकांनी हौसेने घेतला. बटण फिरवले की गाणे, शोधाशोध नाही, वर्गणी नाही. आईवडिलांना अ‍ॅप शिकवण्याचा प्रयत्न करून पाहिलेल्या कोणालाही त्याचे कारण सांगावे लागत नाही.

राहिला शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग, जे या भांडारात कधीच आले नाही त्याचा. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज मुद्रित झाला नाही. भास्करबुवा बखले यांचाही नाही. ते गेलेच. पण त्यानंतरचे पुष्कळसे अजून जिवंत आहे, फक्त कंपन्यांकडे नाही. गणेशोत्सवातल्या मैफली, घरगुती बैठका, गावच्या जत्रेतले शाहीर, तमाशाच्या फडातल्या लावण्या, कीर्तने, भजनी मंडळांच्या स्पर्धा, रेडिओवरून टिपून घेतलेले कार्यक्रम, हे सगळे लोकांच्या घरी स्पूलवर आणि कॅसेटवर पडून आहे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते, चुंबकीय थर सुटू लागतो. कॅसेट वाजवणारी चांगली यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. मुंबईतली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आणि विक्रम संपत यांनी उभारलेले ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ यांनी जुन्या तबकड्या जमवण्याचे आणि लोकांसमोर आणण्याचे मोठे काम केले आहे. कायदाही काही प्रमाणात अनुकूल आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो, म्हणजे १९६४ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या तबकड्यांवरचा तो हक्क आता संपला आहे. गीत आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा असतो आणि कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, हे लक्षात ठेवून पुढे जायला हवे.

ज्यांच्या घरी अशा टेप आहेत त्यांना एक विनंती. बुरशी दिसत असेल तर ती टेप यंत्रात घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. चांगल्या असतील त्या लवकर संगणकावर उतरवून घ्या, एमपीथ्रीऐवजी न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात, आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. मूळ कॅसेट उतरवून झाल्यावरही फेकू नका. घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून ऐका आणि फाइलसोबत गायक, राग किंवा गीत, कवी, संगीतकार, तबला, पेटी, गाव आणि तारीख, जेवढे आठवेल तेवढे देवनागरीत लिहून ठेवा.